गालगुंड आणि मुलग्यांचे भवितव्य

मराठी घरांत ज्याला गालगुंड आणि इंदूरच्या बोलीत गलसुआ म्हणतात, तो आजार पालकांना किरकोळ वाटतो. मल्हारगंजातील माझ्या दवाखान्यात अनेक मुले गालाला लेप लावूनच येतात. लहान वयात तो बहुधा आपोआप बरा होतोही. परंतु वयात आलेल्या मुलास झाला, तर चित्र पालटते. लस न घेतलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे १५ ते ३० टक्क्यांना, बहुधा गाल सुजल्यानंतर आठवड्याभरात, वृषणदाह होतो. ताप पुन्हा चढतो, सूज व तीव्र वेदना येतात. दाह झालेल्या वृषणांपैकी जवळजवळ निम्मी पुढे कमी-अधिक आकसतात व शुक्राणूंची संख्या घटू शकते. संपूर्ण वंध्यत्व मात्र विरळाच, कारण दाह बहुतेकदा एकाच बाजूस असतो.

या हानीहून मौनाची हानी मला अधिक वाटते. मुलगा लाजेने सांगत नाही, वडील विचारत नाहीत. अशी वेदना वृषणास पीळ पडल्यानेही उद्भवते आणि तेथे काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास वृषण गमवावे लागते. पुढे मूल झाले नाही, की तपासण्या आधी सुनेच्या होतात. प्रजननक्षमता आणि कामशक्ती या भिन्न गोष्टी आहेत, हे कोणी समजावत नाही. मग तरुण भीतीनेच खचतो आणि भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या भोंदूंच्या हाती पडतो.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. २०१७ साली राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आली, तीत गालगुंडाला स्थान मिळाले नाही. तिन्ही रोगांवरील एमएमआर लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना ती नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान देण्याची शिफारस करते. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्याच मुलाला ती मिळावी, हे न्याय्य नव्हे. गालगुंडाने मृत्यू क्वचितच होतो हे खरे. पण आरोग्य म्हणजे केवळ जिवंत राहणे नव्हे.

समव्यावसायिक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की लसीकरणाचे कार्ड पाहताना या दोन लसींतील फरक पालकांस सांगावा, लस राहून गेलेल्या किशोरांना ती द्यावी आणि गालगुंड झालेल्या मुलाशी व त्याच्या वडिलांशी या विषयावर स्पष्ट बोलावे. डॉक्टरनेच संकोच केला, तर त्या मुलाने कोणाकडे पाहावे?