सहा महिन्यांचा अभ्यास

आमच्या घणसोली-रबाळ्याकडे कुणी जरा वेगळे बोलले, एकटे बसून राहिले की लोक सहज म्हणतात, "ह्याला ठाण्याला पाठवा." ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. इतक्या वर्षांत आपल्या बोलण्यात त्याचा उपयोग एवढाच झाला! मीही हे वाक्य हसत हसत पुष्कळदा बोलले आहे. गेल्या वर्षी एका विद्यापीठाचा मानसिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आणि ते वाक्य तोंडातून गेले.

तेव्हापासून विहारात भगिनी विचारतात, "ताई, आम्ही केला तर जमेल का? पुढे काय होता येते?" म्हणून आज त्याविषयी.

मी कचेरीत कारकून. बी.कॉम.ची पदवीही नोकरी आणि लेकरे सांभाळून, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घेतलेली. १९८९ साली ते निघाले नसते तर माझ्यासारख्या किती जणी बारावीवरच थांबल्या असत्या. त्यामुळे उभ्याने लोकलमध्ये वाचण्याची सवय होतीच. पण जमाखर्च शिकलेली बाई मनाच्या अभ्यासाकडे वळली त्याला कारण घडले.

आमच्या वस्तीत एक कॉलेजात जाणारा मुलगा होता. हुशार. हळूहळू तो दार लावून बसू लागला, स्वतःशीच बोलू लागला, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात म्हणू लागला. घरच्यांनी त्याला गावी देवऋषीकडे नेले. अंगारे, गंडेदोरे आपण १९५६ सालीच सोडले असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. परंतु घरात असे काही उद्भवले की कुणाच्या तरी सांगण्यावरून रात्रीची एसटी पकडली जाते. त्या पोराला तिथे बांधून ठेवले होते. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे मला ठाऊक होते. तरी मी त्या माउलीला काही बोलले नाही, कारण तिने उलट विचारले असते की मग याला झालेय तरी काय, तर माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षे गेली. अशा आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे होण्याची आशा अधिक, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळाले. त्या रात्री झोप लागली नाही.

वर्गात शिकविले ते सोपे होते, पण कुणी सांगितलेले नव्हते. उदासी आणि नैराश्याचा आजार यांतला फरक. दोन आठवडे वा अधिक काळ मन खिन्न राहिले, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली कार्यकर्त्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रे आहेत: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. यातले ऐकणे मला सर्वांत अवघड गेले. आम्हा कार्यकर्त्यांना भाषणाची सवय! समोरची रडू लागली की आपण लगेच धीर द्यायला, उपदेश करायला लागतो.

एक तक्रारही नोंदवते. पुस्तकात ताणाची कारणे म्हणून परीक्षा, नोकरी, घरातील भांडणे दिली होती. जात नव्हती. मी वर्गात उठून विचारले की, १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तो कोणत्या प्रकरणात बसतो? मॅडम क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच यावर टिपण लिहा." लिहिले. अपमान रोज सोसणाऱ्याला केवळ दीर्घ श्वास घ्यायला सांगून भागत नाही, असे त्यात लिहिले.

आता माझी चूक. तिसऱ्या महिन्यातच मला जिकडेतिकडे रोग दिसू लागले. मंडळातील माझी मैत्रीण थकलेली असे, वजन वाढलेले, बोलणे कमी झालेले. मी चारचौघींत सांगून टाकले, "तुला नैराश्य आलंय." तिने माझ्याशी बोलणे सोडले. पुढे तिच्या मुलीने सरकारी दवाखान्यात नेले, रक्त तपासले, तेव्हा थायरॉईडचा दोष निघाला. थायरॉईड कमी पडले तरी माणूस असाच सुस्त, उदास होतो, हे माझ्याच पुस्तकात पुढच्या पाठात होते. मी तिथवर पोचले नव्हते.

म्हणजे आपल्यासारख्यांनी यात पडूच नये का? तसे नाही. शेजारी गोव्यात 'संगाथ' संस्थेने २४ दवाखान्यांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत आले. आरोग्याचे शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर महिलांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशनाचे काम दिले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ रुग्ण सावरले. जिथे नेहमीचेच उपचार होते तिथे सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. त्या महिला एकट्या नव्हत्या. पाठीशी दवाखान्याचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. माझ्या पाठीशी कोण होते? फक्त माझा उत्साह.

तेव्हा भगिनींनो, अभ्यास जरूर करा, पण या प्रमाणपत्राने समुपदेशकाची पाटी लावता येत नाही. औषध सुचविणे तर नाहीच. दारात येणाऱ्या जाहिरातींनाही भुलू नका. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासारखे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालविण्यास मनाई केली आहे. पैसे भरण्याआधी विद्यापीठाची मान्यता तपासा, प्रत्यक्ष वर्ग आहेत का विचारा. नुसती माहिती हवी असेल, किंवा घरात कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करीत असेल, तर टेली-मानस हा सरकारी दूरध्वनी १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीतूनही बोलता येते. तो मी विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.

त्या मुलाच्या आईकडे मी शेवटी गेले. या वेळी भाषण केले नाही. तासभर ऐकले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून दोघांबरोबर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात रांगेत उभी राहिले. औषधे चालू आहेत. तो अजून कॉलेजला जात नाही, पण संध्याकाळी खाली येऊन पोरांचे क्रिकेट पाहतो.

मैत्रीणही बोलू लागली आहे. परवा घरी आली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "आज तपासायचं नाही हं. नुसता चहा."