चकाकी गाडीची, जोखीम घरची

दसरा जवळ आला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. एक, माळा झाडून शिंकत आलेले. दुसरे, गाडी घासून बोटांना भेगा पाडून घेतलेले. पूजेला गाडी चकचकीत हवी, हे खरेच. पूर्वी ओला फडका आणि झेंडूची माळ एवढ्यावर भागत असे. आता पॉलिश, वॅक्स आणि क्ले बार नावाची मातीसारखी वडी घरपोच येते, आणि तरुण मुले मोबाईलवर पाहून ती वापरायला शिकतात. घरची गाडी घरच्यांनीच घासावी, याचा मला आनंदच आहे. तेवढाच अंगाला व्यायाम. परंतु या बाटल्यांबरोबर घरात रसायने येतात, याचे भान आपण ठेवत नाही.

घडलेली हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी एक बाई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावत आल्या. मुलाच्या वडिलांनी दुकानातून सुटे पातळ पॉलिश आणले होते. दुकानदाराने ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून दिले आणि बाटली पायरीवर राहिली. पोराने सरबत समजून तोंडाला लावली. शेजारच्या आजींनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवली. आजींचा हेतू चांगला होता, पण घात तिथेच झाला.

अशा पातळ पॉलिशमध्ये बहुधा रॉकेलच्या जातीचे द्रावक असते. घोटभर पोटात गेले तर जेवढे बिघडत नाही, तेवढे थोडेसे श्वासनलिकेत उतरले तर बिघडते. पातळ असल्यामुळे ते फुफ्फुसात झपाट्याने पसरते आणि न्यूमोनियासारखा दाह होतो. उलटी करवली की तेच द्रव पुन्हा घशाशी येते आणि श्वासात जाण्याची भीती वाढते. तो मुलगा माझ्यासमोरच खोकत होता, नाकपुड्या फुलत होत्या. त्याला तातडीने जिल्ह्याच्या गावी पाठवले. ऑक्सिजनवर राहून सहा दिवसांनी तो घरी आला. वाचला.

त्या रात्री मी माझ्या स्कूटरच्या शेडमधली फळी पाहिली. पाण्याच्या बाटलीत थिनर होते, मीच भरून ठेवलेले. सुट्टीत भावाची मुले तिथेच खेळतात. लोकांना चार गोष्टी सांगणारा मी, माझ्या घरी तीच चूक! म्हणून आजचा हा लेख उपदेश म्हणून वाचू नका, कबुली म्हणून वाचा.

आता गाडीकडे वळू. या तीन वस्तूंची कामे वेगवेगळी आहेत, पण सर्रास गल्लत होते. क्ले बार म्हणजे जखम स्वच्छ करणे. धुऊनही न निघणारे डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, चिकटलेली धूळ ती वडी ओढून काढते. पॉलिश म्हणजे खरवडणे. त्यात बारीक कण असतात, ते रंगावरचा अगदी पातळ थर झिजवून ओरखडे पुसट करतात. वॅक्स म्हणजे मलम. ते काही काढत नाही, वर संरक्षक थर देते. कार्नौबा नावाचे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर मिळते, आणि औषधाच्या गोळ्यांना चकाकी आणण्यासाठीही तेच वापरतात. मात्र गाडीच्या वॅक्समध्ये द्रावके आणि सिलिकॉनही असतात, तेव्हा गोळीवर चालते म्हणून डबीतले निर्धोक, असा अर्थ काढू नका.

निवड कशी करावी? धुतलेल्या गाडीवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटे फिरवा. खरखर लागली तरच क्ले बार घ्या. ओरखडे दिसत असतील तरच पॉलिश. गाडी नुसती निस्तेज दिसत असेल तर धुऊन वॅक्स लावणे पुरे. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असतो. दर महिन्याला घासाल तर तो उरणार कसा? माझ्या मते वर्षातून एकदा पॉलिश पुष्कळ झाले. आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणे आधी बंद करा. निम्मे ओरखडे तिथेच पडतात.

लावताना गाडी सावलीत आणि पत्रा गार असावा. क्लेची वडी साबणाच्या पाण्याने किंवा तिच्यासोबतच्या द्रवाने पृष्ठभाग भरपूर ओला ठेवूनच फिरवावी. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या; तिला चिकटलेली खडी रंग ओरबाडेल. क्लेने जुने वॅक्सही निघते, म्हणून नंतर नवे लावावे. पॉलिश किंवा वॅक्स बोटाच्या पेराएवढे घ्या, हातभर जागेवर पातळ पसरा आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसा.

आता तुमच्या कातड्याविषयी. गाडीच्या कातड्याला एवढे जपता, मग स्वतःच्या का नाही? ही द्रावके त्वचेवरचे तेल काढून घेतात. मग कोरडेपणा, भेगा आणि खाज. औषधांच्या दुकानात मिळणारे नायट्राइलचे हातमोजे घाला. हाताचा चिकटा रॉकेलने किंवा थिनरने काढू नका. साबणाने धुऊन खोबरेल तेल लावा. शटर ओढून बंद जागेत काम करू नका. डोके दुखले, गरगरले तर ताबडतोब बाहेर या. यंत्राने पॉलिश करताना धूळ उडते, तेव्हा मास्क आणि चष्मा हवा. दम्याच्या रुग्णांनी स्प्रेच्या डब्यांपासून दूर राहावे. बिडी-सिगारेट तर नकोच, पण पूजेचे निरांजनही ओले फडके आणि उघडे डबे आवरल्यावरच लावा.

आणखी एक. चमक आणणारे द्रव दुचाकीच्या टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, ब्रेकच्या चकतीवर किंवा मोटारीच्या पेडलवर लावू नका. चाक घसरते, पाय सटकतो, आणि हौसेचा शेवट अस्थिरोगतज्ज्ञाकडे होतो.

एवढे करूनही कोणी चुकून प्यायलेच, तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तेल काहीही पाजू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, डबा किंवा बाटली सोबत घ्या आणि सरळ रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. मूल सुरुवातीला हसत-खेळत असले तरी घरी थांबू नका. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होते.

माझे स्पष्ट मत असे की या प्रकरणी चूक पोराची नसते, बाटलीची असते. तीन वर्षांच्या मुलाला थंड पेयाची बाटली ओळखता येते, त्यावरची चिठ्ठी वाचता येत नाही. दुकानदारांनी पिण्याच्या बाटलीत पॉलिश, थिनर, ॲसिड भरून देणे बंद करावे. आणि आपण गिऱ्हाइकांनी तसे दिले तर सरळ परत करावे. चार रुपये वाचतात, पण त्यांची किंमत मी ऑक्सिजनच्या नळीशी पाहिली आहे.

हा अंक खाली ठेवलात की आधी तुमची फळी पाहून या. गाडी नंतर घासा.