आधी खिडकी उघडा!

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहितेय ती रागाने. माझा सांगलीचा भाचा हे वाचतो, सूनबाईही वाचतात. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय, कारण फोनवर बोललं की भांडण होतं.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून सांगलीला धाकट्या भावाकडे गेले होते. भावाला दमा आहे. 2019 च्या महापुरात त्यांच्या तळमजल्यावर कंबरभर पाणी होतं, तेव्हापासून मागच्या खोलीच्या भिंतींची ओल काही गेली नाही. तो त्याच खोलीत झोपतो. आत पाऊल टाकलं तर पलंगाभोवती कुंड्याच कुंड्या! मोजल्या, बारा भरल्या. स्नेक प्लांट, मनीप्लांट, झीझी, डिफेनबेकिया... आणि खिडकी बंद.

"अगं आत्या, ही सगळी एअर प्युरिफाइंग झाडं आहेत. नासाने सांगितलंय. रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतात." इति भाचा. नर्सरीवाल्याने प्रत्येक कुंडीला तशी चिठ्ठीच लावून दिली होती. मग खिडकी का बंद? तर डास येतात, रस्त्याची धूळ येते.

त्या रात्री भाऊ खोकत होता आणि मी शेजारच्या खोलीत जागी होते.

आता मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, शास्त्र माझा विषय नाही. पण शाळेत शास्त्राचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा, त्यामुळे वाचायची सवय लागली. तर नासाचं काय ते वाचलं. 1989 साली वॉल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने हवाबंद पारदर्शक पेट्यांमध्ये झाडं ठेवून प्रयोग केले. अंतराळात माणूस बंद डब्यात राहणार, तिथली हवा कशी साफ ठेवायची, हा मूळ प्रश्न. बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड अशी रसायनं पेटीत सोडली, ती कमी झाली. ते खरंच आहे. पण त्या कामात अमेरिकेतल्या बागकाम कंत्राटदारांच्या संघटनेची भागीदारी होती, हे चिठ्ठीवर कोण लिहिणार?

आणि योगायोग बघा, ज्या 2019 साली सांगलीत पूर आला, त्याच साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी तीस वर्षांतल्या अशा प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला. घरात फटीतून, दारातून जी हवा सहज येते-जाते, तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील! भावाची खोली दहा बाय बारा फूट, म्हणजे अकरा चौरस मीटर. कमीत कमी एकशेदहा कुंड्या. मग भावाने झोपायचं कुठे, माळ्यावर? बरं, हा हिशोब रसायनांचा. भिंतीवरच्या बुरशीचं तर त्यात नावही नाही.

रात्रीच्या ऑक्सिजनचंही तसंच. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं हे खरं. पण ऑक्सिजन सुटतो तो उजेडात. अंधारात तेही आपल्यासारखंच श्वास घेतं. अर्ध्या वाक्यावर धंदा चाललाय सगळा.

बरं, कुंड्या नुसत्या निरुपयोगी असत्या तरी मी गप्प बसले असते. पण "हवा शुद्ध होते" म्हणून खिडकी बंद झाली ना! शिवाय रोज तांब्याभर पाणी. वरचं कोकोपीट कोरडं दिसतं, बोट खुपसलं तर आत चिखल. मातीवर पांढरी बुरशी, दम्याच्या माणसाच्या उशाशी. आणि कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. डासांसाठी खिडकी बंद, आणि डास पलंगाखाली! डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आरोग्य खात्याचे लोक आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणून कानीकपाळी ओरडत असतात.

आणखी एक. घरात दोन वर्षांची नात रांगता रांगता आता धावायला लागलीय. डिफेनबेकिया अळूच्या कुळातलं झाड. अळू, सुरण घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच याच्या पानात. चावलं तर तोंड सुजतं. मनीप्लांटही त्याच कुळातलं. हे चिठ्ठीवर? छे!

चिठ्ठीवर काय, तर "लो मेंटेनन्स". या शब्दाचा मला फार राग येतो. सातवीच्या मुलांना पानातला स्टार्च दाखवायचा तर कुंडी आधी दोन दिवस कपाटात ठेवायचो, म्हणजे पानातला साठा संपतो. मग अर्ध्या पानाला काळा कागद लावून उन्हात ठेवायचं. आयोडीन टाकलं की झाकलेला भाग निळाकाळा होत नाही. दोन दिवसांच्या अंधारात झाड उपाशी पडतं हे मुलांना कळायचं. आणि आपण त्याला जन्मभर टीव्हीमागच्या कोपऱ्यात ठेवतो, मरायला वेळ लावतं म्हणून त्याला चिवट म्हणतो.

मी काही साव नाही. निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं रबराचं झाड मी पाणी घालघालून मारलं. पानं गळायला लागली म्हणून आणखी पाणी घातलं. मुळं कुजून वास आला तेव्हा कळलं. तेव्हापासून एकच करते, बोट दोन पेरं आत घालायचं, ओल लागली तर तांब्या परत न्यायचा.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून खिडकीला जाळी बसवून घेतली. भाचा कामावर होता. बाराही कुंड्या पूर्वेच्या गॅलरीत नेल्या, ताटल्या काढून टाकल्या. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तो चिडेल हं." चिडला. माझंही चुकलंच म्हणा, विचारायला हवं होतं.

भावाचा खोकला थांबलेला नाही. औषधाचा पंप चालू आहे, भिंतीचं काम उन्हाळ्यात करायचं ठरलंय. कुंड्यांपैकी चार गेल्या, मुळं आधीच कुजली होती. उरलेल्यांजवळ खुर्ची टाकून भाऊ सकाळी पेपर वाचत बसतो, असं वहिनी सांगतात. "अक्का, झीझीला नवा कोंब आलाय," म्हणून परवा त्याचाच फोन होता. डिफेनबेकिया मी येताना एसटीतून मांडीवर घेऊन साताऱ्याला आणलं. इथे लहान मूल नाही.