लघुपेप्टाइडांचा कैवार आणि त्यांची कसोटी

वर्ण उजळविणाऱ्या प्रसाधनांत सध्या लघुपेप्टाइडांचा जो गाजावाजा चालला आहे, त्याचे पुरस्कर्ते असे प्रतिपादितात की, पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, म्हणजेच आपल्या शरीरातील प्रथिनांची सगोत्र. सबब ती निरुपद्रवी असलीच पाहिजे. गोत्र पाहून गुण ठरविण्याची ही रीत सोयरिकीत चालत असेल, रसायनशास्त्रात नाही. सर्पविषातही पेप्टाइडे असतातच.

दुसरा दाखला प्रयोगशाळेचा. मेलॅनिन घडविणारे टायरोसिनेज हे ताम्रयुक्त विकर अमुक पेप्टाइडाने रोखले, असे पत्रक निघते. परंतु ते विकर बहुधा अळंबीतून काढलेले असते, आणि मानवी टायरोसिनेज इतके निराळे वागते की, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ५०,००० संयुगे त्यावर पारखली गेली, तेव्हा कोजिक आम्लासारखी नावाजलेली द्रव्ये फिकी ठरली. शिवाय ५०० डाल्टनांहून जड रेणू त्वचेच्या बाह्यस्तरातून सहसा आत शिरत नाही, असा ठोकताळा २००० सालापासून रूढ असता, दहा अमिनो आम्लांच्या ‘डेकापेप्टाइड-१२’चे वजन भरते सुमारे १४००!

म्हणून हे संशोधनच वर्णाभिमानाचे हस्तक ठरवून बंद करावे, हा दुसऱ्या पक्षाचा हुकूमही आम्हांस मान्य नाही. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने खपलेल्या मलमाचे २०२० मध्ये नाव तेवढे बदलले, याचा त्यांना आलेला संताप रास्तच आहे. पण गरोदरपणात उमटलेले वांग वर्षानुवर्षे गालांवर वागविणाऱ्या बाईची फिर्याद गोरेपणाची नसते, आणि तिच्या हाती आज पुष्कळदा पडते ते वैद्याच्या चिठ्ठीवाचून आणलेले, कातडी पातळ करणारे स्टेरॉइडचे मलम.

तिच्यासाठी काय शोधावे, हे जपानने फार महाग शिकविले. २०१३ साली कानेबो कंपनीला रोडोडेंड्रॉलयुक्त प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली. ते द्रव्य टायरोसिनेजला अडवीत असता स्वतःच त्याचे भक्ष्य होऊन विषारी क्विनोनात पालटे, रंजकपेशीच मारी, आणि हजारो ग्राहकांच्या अंगावर पांढरे चट्टे उठवी. पेप्टाइडाचे खरे सामर्थ्य येथे आहे: त्यातील एकेक अमिनो आम्ल बदलून, विकराच्या मुखाशी बसेल पण भक्ष्य होणार नाही अशी घडण साधता येते, तीनचार दुव्यांवर आटोपले तर वजनही ५०० च्या आसपास राहते. मात्र साखळीत टायरोसिन ठेवले, तर तेच भक्ष्य होण्याची धास्ती पुन्हा उभी राहते.

अशा पेप्टाइडाची परीक्षा मानवी विकरावर, मग मानवी त्वचेवर, शेवटी वांग असलेल्या रुग्णांवर व्हावी. आणि त्या वेळी पेप्टाइड लावणाऱ्या व न लावणाऱ्या दोन्ही गटांना सनस्क्रीन सारखेच द्यावे, नाहीतर उन्हापासून राखलेल्या चेहऱ्याचे श्रेय खुशाल पेप्टाइडाच्या खाती जमा होते.