विश्लेषण : विंडोज अपडेट होताच बिलिंग सॉफ्टवेअर का अडते?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे महामार्ग एकत्र येतात. इथल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात रात्री विंडोज अपडेट झाले आणि सकाळी बिल्टीचे सॉफ्टवेअर उघडेना, तर भरलेली गाडी कागदाअभावी उभी राहते. मग ‘सॉफ्टवेअर करप्ट झाले, फॉरमॅट मारा’ असा ठरलेला सल्ला येतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. बॅकअप नसेल तर घातकही.

नेमके बिघडते काय?

सॉफ्टवेअर बहुधा जागेवरच असते. डेटापर्यंत जाण्याची त्याची वाट बंद झालेली असते. लहान ऑफिसांत एका संगणकावरील डेटाचे फोल्डर ‘शेअर’ करून बाकीचे संगणक पासवर्डशिवाय ते उघडतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘प्रो’मध्ये असा बिनपासवर्डी ‘गेस्ट’ प्रवेश मुळातच बंद आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला, त्यामुळे विंडोज ११ वर जाणाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा राहतो.

याच तारखेच्या विंडोज ११ च्या अपडेटने वेगळाच घोळ घातला. संगणकाने स्वतःशीच जोडले जाण्याची ‘लोकलहोस्ट’ ही सोय काही ठिकाणी तुटली आणि त्याच संगणकावर चालून ब्राउझरमध्ये उघडणारी सॉफ्टवेअर अडली. तो विंडोजचा दोष होता. मायक्रोसॉफ्टने तो मान्य करून दुरुस्त केला.

हा फरक ओळखणे हेच खरे काम. दोष असेल तर अपडेट काढून दुरुस्तीची वाट पाहता येते. गेस्ट प्रवेशासारखा जाणीवपूर्वक केलेला बदल मात्र मागे येणार नाही; तिथे डेटाच्या संगणकावर पासवर्डसह स्वतंत्र युजर तयार करणे हाच उपाय. सुरक्षेची सेटिंगच बंद करून देणारे तंत्रज्ञ भेटतात. काम तेवढ्यापुरते सुरू होते, पण खातेवही पुन्हा उघड्यावर पडते.

आधी काय करावे?

एरर मेसेजचा फोटो काढावा. डेटा फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, ती झाल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये. अडचण एकाच संगणकावर आहे की सगळ्यांवर, हे पाहावे. सेटिंग्जमधील ‘अपडेट हिस्ट्री’त कालची नोंद दिसली तर तिचा क्रमांक सॉफ्टवेअर कंपनीला कळवावा. मासिक अपडेट तिथूनच काढता येते. संपूर्ण आवृत्ती बदलली असेल तर परतीसाठी साधारणपणे १० दिवस मिळतात.

वेळापत्रकही लक्षात घ्यावे. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री येते. म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११, तर ३बी ची २० तारीख. नेमक्या याच दिवसांत प्रयोग कशाला? अपडेट आठवडाभर ‘पॉज’ करावे, कायमचे बंद नव्हे. आधी एका संगणकावर घ्यावे, बिल आणि प्रिंट तपासावी, मगच बाकीच्यांवर.

तोवर गाडी थांबवण्याचे कारण नाही. बिल्टी छापील पुस्तकावर लिहिता येते आणि ई-वे बिल सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनही काढता येते. त्यासाठीचा ओटीपी नोंदणीकृत क्रमांकावर जातो. तो क्रमांक जुन्या मुनीमजींचा तर नाही ना, हे आजच पाहून ठेवावे.