भेकर माती का चाटतं, ते आम्हाला विचारा



साहेब म्हणतात, आदिवासी जंगलाची नासाडी करतो. मग साहेब, भेकर खारी माती का चाटतं, ते सांगा! पाल्यात मिठाचा अंश, म्हणजे सोडियम, फार थोडा असतो. सततच्या पावसाच्या जंगलात तर पाणी तो मातीतून धुऊन नेतं. म्हणून हत्तीपासून माकडापर्यंत जनावरं खाऱ्या मातीकडं येतात. आपण बैलाला मीठ चाटवतो, ते उगाच नाय. काही चिकणमाती पाल्यातलं विषही पोटात धरून ठेवते.

अशी जागा खणली की जनावरांचं चाटण गेलं. शिकारीही तिथंच दबा धरतो. नवी मुंबईसाठी पारसिकचा डोंगर खाणींनी पोखरला. तो काय आम्ही पोखरला?

वनहक्क कायदा 2006, कलम 5 वाचा. जंगल आणि वन्यप्राणी राखायचा अधिकार हक्कदारांना आणि ग्रामसभेला दिलाय. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरला जंगलासाठीच लोकांनी गोळ्या झेलल्या.

ग्रामसभा बोलवा. सामूहिक दाव्याच्या नकाशात पाणवठ्याबरोबर चाटणाची जागाही दाखवा. ठराव लिहा: इथं खाण नाय, शिकार नाय. आपलीसुद्धा नाय. राखेल त्याचंच जंगल!