सुया माळ्यावरून खाली काढा

मांजरीतल्या आजींनो, काकूंनो, आणि निवृत्त काकांनो, तुम्हीसुद्धा! कपाटाच्या तळाशी नातवंडांच्या स्वेटरमधून उरलेले लोकरीचे गुंडे पडून आहेत ना? त्यांची आता गरज आहे.

उरलेल्या लोकरीचे चौकोन विणून त्यांची चादर करायची कला आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. पानिपतची ब्लँकेटं रस्त्याकडेला स्वस्तात मिळतात आणि ऊबही देतात, त्यांच्याशी भांडण नाही. पण ज्यांच्या बोटांना टाके पाठ आहेत, त्यांच्यानंतर ते कोण घालणार?

स्वेटर एकट्यानेच विणावा लागतो, तिथे नवशिक्याचा निभाव लागत नाही. चौकोनाचं तसं नाही. दहा नंबरच्या सुईवर 61 टाके घाला. सगळ्या ओळी सुलट विणा, फक्त एक ओळ सोडून एक मधल्या तीन टाक्यांचा एक करा. दर वेळी दोन टाके कमी होत तिसाव्या खेपेला एकच टाका उरतो आणि साधारण पाच इंचांचा चौकोन हातात येतो. पुढच्यासाठी त्याच्याच कडेचे टाके उचलायचे, म्हणजे शिवणही वाचते. शेजारणींनी सुटे विणले तर मागाहून क्रोशाने जोडा. असे आठ बाय बारा, म्हणजे 96 चौकोन झाले की लहान मुलाची ऐसपैस चादर होते. एकटीला हा आकडा घाबरवतो, पण सोसायटीतल्या बारा जणींच्या वाट्याला आठ-आठच येतात. चेन्नईत 2016 साली बायकांनी क्रोशाचे तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरचं ब्लँकेट केलं, गिनेस बुकात नोंदही झाली. आपल्याला विक्रम नको, चादरी हव्यात.

कोणासाठी? मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, उसाच्या संशोधनासाठी तिचं नाव देशभर आहे. तोच ऊस तोडणारी कुटुंबं ऐन थंडीत पाचटाच्या खोप्यांत तान्ही मुलं घेऊन राहतात. आपल्या चहातली साखर त्यांच्याच कोयत्याखालून येते.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते आणि चुलीच्या निखाऱ्याने वितळून अंगाला चिकटते. खोपीत चूल हाताच्या अंतरावर असते. म्हणून तिथे जाणाऱ्या चादरींसाठी खरी लोकर किंवा सुती धागाच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. घरातले ॲक्रिलिकचे गुंडे मुलांना शिकवायला वापरा. ती चुकणार, टाके सांडणार, सांडू द्या. मुलगे ‘हे मुलींचं काम’ म्हणाले तर त्यांना आधी बसवा.

गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. गणपती उठले की टाके घाला, दसऱ्यापर्यंत चौकोन गोळा करा. तान्ही मुलं कुठल्या खोपीत आहेत, ते तिथल्या अंगणवाडीताईंना विचारा आणि चादरी स्वतः नेऊन द्या.